नव्या गाडीचा गंज काढला तरी दर हिवाळ्यात परत येतो, त्यावर काय करायचं

दिवाळी उलटली, सोयाबीन निघालं, की आपल्या विदर्भात हा प्रश्न हमखास कानावर येतो. भाऊ, गाडी घेऊन दोनच पावसाळे झाले, दरवाज्याच्या खालच्या कडेला रंग फुगून राहिला, मागच्या चाकाच्या कमानीत तांबूस डाग दिसून राहिले, गॅरेजात घासून रंग मारून आणला तर पुढच्या हिवाळ्यात त्याच जागी पुन्हा तेच. मग कोणी म्हणते आताच्या गाड्यांचा पत्राच पातळ, कोणी म्हणते गाडीला खालून कोटिंग केलं नाही म्हणून, कोणी म्हणते कोटिंग केलं म्हणूनच. या सगळ्यात थोडं थोडं खरं आहे, पण मूळ गोष्ट बाजूला राहते. पाऊस गेल्यावर गाडीच्या दुमडीत आणि बंद जागांत जो ओला चिखल अन जे खारं पाणी अडकून राहते, गंज त्यातून लागतो, आणि ते तिथून काढल्याशिवाय वरून कितीही रंग मारा, टिकत नाही.

नेटवर गाडी गंजण्याबद्दल जे सापडते ते बहुतेक अमेरिका, कॅनडा, युरोपातलं. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात, ते मिठाचं पाणी गाडीखाली उडते, म्हणून त्यांचा सगळा सल्ला त्या मिठाभोवती फिरतो, आणि तो वाचून आपल्याला वाटते की आपल्याकडे बर्फ नाही म्हणजे भानगड नाही. पण मीठ आपल्याकडेही आहे. अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर, शेगाव या भागात कितीतरी गावांत बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि त्याच पाण्याने आपण गाडी धुतो. दुसरं मीठ खताच्या पोत्यातून येते. आणि ओल म्हणाल तर पावसाळा ऑक्टोबरात निघून जातो पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी दव असते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडे तर पाऊसच जास्त, धानाची बांधी ओली, तिकडे खारपाण नसलं तरी चिखल अन ओल वऱ्हाडापेक्षा जास्त दिवस टिकते.

हे कसं होते ते एकदा समजून घ्या, मग पुढचे उपाय पाठ करावे लागत नाहीत. लोखंड गंजायला पाणी आणि हवेतला ऑक्सिजन दोन्ही लागतात, पाण्यात क्षार असले की त्यातून वीज सहज वाहते आणि तेच काम खूप वेगाने होते. आता आपली काळी माती घ्या, ही पाणी पिऊन फुगणारी आणि पिलेलं पाणी सोडायला वेळ लावणारी. पांदण रस्त्याने वावरात जाऊन आलं की ती चाकाच्या कमानीच्या कडेला, जिथं पत्रा आतल्या बाजूने दुमडलेला असते तिथं, बोटभर जाड बसते आणि तापातल्या माणसाच्या कपाळावर ठेवलेल्या ओल्या पट्टीवाणी पत्र्याला चिकटून राहते. त्यात अजून एक गोष्ट, चिखलाखाली हवा कमी पोचते आणि चिखलाच्या कडेला जास्त, या फरकानेच चिखलाखालचा पत्रा आधी खाल्ला जाते. म्हणून टप आणि बोनेट वर्षानुवर्षं चांगलं दिसते अन झाकलेल्या जागा आतून पोखरल्या जातात.

माझ्या साडूच्या गाडीच्या मागच्या कमानीत मी दिवाळीनंतर बोट घालून पाहिलं होतं. पाऊस कधीचाच गेलेला, वरचं ढेकूळ पांढरं अन कडक, गाडी रोज उन्हात उभी. नखाने उकरलं तर आतला थर काळाभोर, थंड, ओला, त्यात सोयाबीनचा भुसा आणि कुजलेलं पान, आणि ते सगळं निघाल्यावर मागे पत्र्याच्या दुमडीवर तांबूस रेघ, जेवढा चिखल होता बरोबर तेवढ्याच लांबीची. वरून ती गाडी दर आठवड्याला धुतल्या जात होती, चकचकीत होती.

आता आधी हे पाहा की जे दिसून राहिलं ते नेमकं काय आहे, कारण प्रत्येक तांबडा डाग म्हणजे रोग नाही आणि काही डाग मात्र दिसतात त्यापेक्षा दहापट मोठे असतात.

सकाळी चाकाच्या आतली ब्रेकची डिस्क केशरी दिसते, विशेष करून दव पडल्यावर किंवा गाडी धुतल्यावर, ते सोडून द्या, ती डिस्क उघड्या बिडाची असते, दोनचार ब्रेक मारले की साफ होते. सायलेन्सरच्या जोडावर तांबूसपणा, तोही वरवरचा, तो बहुतेक गाड्यांना असतोच. पांढऱ्या गाडीवर टिकलीएवढे किंवा त्याहून बारीक केशरी ठिपके, हात फिरवला तर खरखरीत, हे बहुतेक वेळा गाडीच्या पत्र्याचा गंज नसतोच, शेजारी वेल्डिंगचं दुकान, ग्राइंडरची ठिणगी, रेल्वेचा रूळ, तिथून लोखंडाचे कण उडून रंगावर बसतात आणि दवाने तेच गंजतात. वॉशिंग सेंटरवाल्याला क्ले बार, म्हणजे रंगावरचे कण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी, मारून द्यायला सांगा, निघून जाते, पण रगडून पॉलिश पेपर मारू देऊ नका, चांगला रंग जाईल.

खरी काळजी करायची ती फुग्याची. रंगाखाली बारीक फोड, दाबलं तर करकरते, दरवाज्याच्या खालच्या शिवणीला, चाकाच्या कमानीच्या कडेला, डिक्कीच्या झाकणाच्या खालच्या ओठाला. इथं गंज आतून बाहेर आलेला असते, म्हणजे बाहेर डाळीएवढा फोड दिसते तेव्हा आतल्या बाजूला हातभर पट्टा लाल झालेला असू शकते. आणि एक जागा लोक कधीच पाहत नाहीत, मडफ्लॅपचे स्क्रू. नवी गाडी घेतली की बाहेरच्या दुकानातून मडफ्लॅप, गार्ड, साइड पट्टी, सगळं बसवून घेतो, तिथं ड्रिलने थेट पत्र्याला भोक पाडतात आणि भोकाची कड उघडीच ठेवतात. कारखान्यात अख्खी बॉडी रंगाच्या टाकीत बुडवून विजेने तिच्यावर प्रायमर चढवतात, त्याच्याआधी फॉस्फेटचा हात असते, कितीतरी पत्र्यांवर जस्ताचा थर असते, हे सगळं त्या एका भोकाच्या कडेला संपते. भोक पाडायचंच असेल तर कडेला आधी प्रायमर, मग रंग, स्क्रूला मेण किंवा ग्रीस लावूनच तो आवळायचा, आणि जमलं तर कंपनीने दिलेल्या भोकांत बसणारेच फ्लॅप घ्यायचे.

आता पाण्याचं. तुम्ही कोणत्या पाण्याने गाडी धुता हे कोटिंगपेक्षा महत्त्वाचं आहे, निदान खारपाणपट्ट्यात तरी. पारख सोपी आहे, स्वच्छ काचेवर किंवा काळ्या ताटलीत चमचाभर पाणी टाकून उन्हात वाळू द्या, मागे पांढरा थर राहिला की समजा गाडीच्या प्रत्येक शिवणीत तोच थर जाऊन बसून राहिला. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ते मोजायचं मीटर स्वस्तात मिळते, गावात कोणाकडे तरी असतेच. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात टीडीएस ५०० पर्यंत चांगलं धरलं आहे आणि दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, तुमच्या बोअरचं त्याच्याही वर जात असेल तर त्या पाण्याने चिखल काढायला हरकत नाही, पण शेवटचा हात गोड पाण्याचा पाहिजेच. म्हणजे चिखल बोअरने काढा, मग शेततळ्याचं, नळाचं किंवा टिनावरून टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी एकदोन बादल्या, वरून आणि मुख्य म्हणजे खालून, कमानीत, दरवाज्याच्या कडांना. पाऊस चालू असताना चिखल काढून गाडी अर्धा तास उघड्यावर ठेवली तरी त्या पाण्याने क्षार धुतले जातात, ते फुकट आहे.

याच्यात एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. गावोगाव आरओचे प्लांट झाले, कॅन भरून नेतात आणि मागे जे टाकाऊ पाणी निघते ते वाया जाऊ नये म्हणून लोक त्याने गाड्या धुतात. शहरातला माणूस हा सल्ला देते तेव्हा त्याच्याकडचं मूळ पाणीच बरं असते. आपल्याकडे खाऱ्या बोअरवर आरओ लावला की गोड पाणी कॅनमध्ये जाते आणि बाकी सगळे क्षार त्या टाकाऊ पाण्यात जमा होतात, म्हणजे बोअरपेक्षाही खारं पाणी आपण गाडीवर मारतो. त्याने संडास धुवा, अंगण धुवा, गाडीला लावू नका.

धुतानाचं अजून एक. प्रेशरने धुणाऱ्या वॉशिंग सेंटरात वरून फेस, वरून पाणी, झालं. त्याला सांगा गाडी लिफ्टवर किंवा रॅम्पवर घे आणि कमानीच्या आत पाणी मार, चारही चाकांच्या मागे, आणि प्लास्टिकचं आतलं कव्हर असेल तर त्याच्या मागे चिखल साचते, पावसाळ्यानंतर वर्षातून एकदा त्याचे स्क्रू आणि क्लिपा काढून मागचा चिखल काढून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे, मेकॅनिक कुरकुर करते, त्याला शंभर रुपये जास्त द्या पण करवून घ्या. रेडिएटरच्या जाळीवर आणि वायरच्या जोडांवर मात्र जवळून प्रेशर मारू देऊ नका.

आता भोकं. प्रत्येक दरवाज्याच्या खालच्या कडेला दोनतीन बारीक भोकं किंवा चिरा असतात, काचेच्या रबरातून आत गेलेलं पाणी तिथून खाली पडावं म्हणून. दरवाज्याखालच्या पोकळ पट्टीला, ज्याला सिल म्हणतात, तिलाही असतात. डिक्कीच्या झाकणाला असतात. समोरच्या काचेखाली, वायपरच्या बुडाशी जाळी असते तिच्या दोन्ही टोकांना नळ्या असतात. धूळ अन चिखलाने ही बुजली की दरवाजा म्हणजे पाण्याचं भांडं. खराट्याची काडी घ्या, तार नको, तारेने आतला रंग खरवडते, आणि दरवाजा उघडून खालच्या भोकात हलकेच फिरवा. बुजलेलं असेल तर आधी काळं पाणी थेंबथेंब येते, मग एकदम धार लागते, पायावर पडते, तिचा वास गटारासारखा कुबट असते. नंतर चमचाभर गोड पाणी काचेच्या रबरावरून सोडून पाहा, खालून निघालं म्हणजे मोकळं झालं. कडुनिंबाखाली गाडी लावणाऱ्यांनी वायपरजवळची जाळी महिन्यातून एकदा पाहायची, पानं कुजून नळ्या बंद झाल्या की पाणी आत मॅटखाली येते आणि तळाचा पत्रा आतून सडते, बाहेरून काहीच दिसत नाही. गाडीत कुबट वास येऊन राहिला, हिवाळ्यात सकाळी काचा आतून धुकटून राहिल्या, तर मॅट उचलून खालचा गालिचा हाताने दाबून पाहा.

डिक्कीचं प्रकरण खेड्यातच जास्त दिसते. नवी गाडी आहे पण खताचं पोतं आणायचं तर त्यासाठी वेगळा टेम्पो कोण करते, युरियाचं ४५ किलोचं पोतं, दोन १०:२६:२६ ची, डिक्कीत टाकून आणतो. पोत्याला बारीक छिद्र असते, चारपाच दाणे गळतात, गालिच्यात जातात. युरिया हवेतली आर्द्रता साधारण ७०-७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलंच पाणी ओढून विरघळतो, म्हणजे पाऊस आत आला नाही तरी तिथं ओल तयार. आणि पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचाच भाऊ, पत्र्याला तो युरियापेक्षाही वाईट. हे पाणी गालिच्यातून खाली स्टेपनीच्या खड्ड्यात उतरते. तुमच्या गाडीत खत आणलं असेल तर आजच स्टेपनी काढा आणि खड्डा पाहा. पांढरट चिकट काही दिसलं तर गोड पाण्याच्या ओल्या फडक्याने पुन्हा पुन्हा पुसून घ्या, पाणी ओतू नका, आणि दुपारभर उन्हात झाकण उघडं ठेवा. पुढच्या वेळेपासून जाड ताडपत्री अंथरा, तिच्या कडा वर वळवा, पोतं उतरलं की ताडपत्री बाहेर झटका. फवारणीचा बॅटरीवाला पंप आडवा टाकून आणत असाल तर तेही बंद करा, औषध गळते ते वेगळंच आणि त्यातली बॅटरी ॲसिडची असेल तर ते गळाल्यावर पत्र्याचं काय होते ते सांगायला नको.

बरं, गंज लागलेलाच आहे आणि दुरुस्त केला तरी परत येऊन राहिला, त्याचं कारण बहुतेक वेळा दुरुस्तीतच असते. नेहमी काय होते, फोड फोडला, पॉलिश पेपरने थोडं घासलं, वरून लांबी म्हणजे पुट्टी भरली, प्रायमर, रंग. लांबी पाणी पिते. तिच्याखाली गंज राहिला असेल तर तो तिथं आरामात वाढते. साधा प्रायमरही सच्छिद्र असते, तो मारून गाडी दोन दिवस उघड्या आंगणात ठेवली की रात्रीचं दव त्यात मुरते आणि वरून रंग मारून आपण ते पाणी आत कोंडतो. म्हणून गॅरेजवाल्यासमोर उभं राहून हे करवून घ्या: फोडाच्या चारही बाजूंनी चांगला रंग लागेपर्यंत घासायचं, ८० नंबरने सुरुवात करून बारीक पेपरवर यायचं, पत्रा चकचकीत पांढरा दिसला पाहिजे. खड्ड्यात जे काळे ठिपके राहतात आणि पेपर पोचत नाही, तिथं रस्ट कन्व्हर्टर, यात टॅनिक किंवा फॉस्फोरिक ॲसिड असते, ते राहिलेल्या गंजाला काळ्या स्थिर थरात बदलते. पण सुटणाऱ्या पापुद्र्यावर ते मारून काही उपयोग नाही, पापुद्रा आधी निघालाच पाहिजे. डब्यावर लिहिलं तेवढा वेळ वाळू द्यायचं, धुवायला सांगितलं असेल तर धुवायचं. मग इपॉक्सी प्रायमर, हा पाणी आत जाऊ देत नाही. लांबी लागलीच तर इपॉक्सीच्या वर, पत्र्यावर थेट कधीच नाही. मग रंग, मग वरचा पारदर्शक क्लिअर कोट. आणि सगळ्यात शेवटी, जे कोणीच करत नाही, त्याच जागेच्या मागच्या बाजूला, दरवाज्याच्या आतून, बारीक नळीने मेणाचं कोटिंग. गंज आतून आला होता ना, मग आतलीच बाजू तशीच सोडून कसं चालेल.

वेळही पाहा. रंगकामात सगळीकडे पाळतात तो नियम असा की पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला दव धरायला लागते त्यापेक्षा, किमान ३ अंश वर पाहिजे, नाहीतर डोळ्याला न दिसणारी ओल पत्र्यावर बसलेली असते. डिसेंबरात सकाळी नऊला किंवा दिवस मावळताना उघड्या शेडमध्ये मारलेला प्रायमर याच कारणाने पुढे फुगते. अकरा ते तीनच्या मध्ये काम, आणि रात्री गाडी छताखाली. गॅरेजवाला म्हणेल संध्याकाळपर्यंत देतो भाऊ, त्याला म्हणा घाई नाही.

दगड उडून नखाएवढा रंग गेला असेल तर एवढं सगळं नको, त्याच आठवड्यात साफ करून टचअपचा थेंब लावा, फक्त पुढच्या पावसापर्यंत ढकलू नका.

अंडरबॉडी कोटिंगवर लोकांचे दोन तट आहेत. माझं मत स्पष्ट आहे, कोटिंग चांगलं, पण कोरड्या आणि स्वच्छ गाडीवर. शोरूममधून निघालेली गाडी पहिल्या पावसाच्या आधी केली तर उत्तम, आणि त्यासाठी एप्रिल-मे आपल्याकडे इतका कडक असते की पोकळ जागासुद्धा आतून कोरड्या होतात. पावसाळ्यात गाडी घेतली असेल तर नोव्हेंबरपर्यंत थांबा, खालून धुऊन, दोनतीन दिवस उन्हात वाळवून मगच. रबराचं किंवा डांबरी जाड कोटिंग दगडाचा मार चांगला सोसते पण त्याला चीर गेली की पाणी चिरेतून आत शिरते आणि आतल्या आत पसरते, वरून काळं गुळगुळीत दिसत राहते. मेणाचं किंवा लॅनोलिनचं, म्हणजे मेंढीच्या लोकरीतल्या चिकट मेणाचं, कोटिंग मऊ राहते, ओरखडा आपोआप भरते, बारीक शिवणीत शिरते, पण ते दरवर्षी-दोनवर्षी पुन्हा मारावं लागते. मला विचाराल तर चाकाच्या कमानीत जाड, आणि सिल, दरवाजे, पोकळ भागात मेण. काही झालं तरी आधी सांगितलेली पाणी निघायची भोकं बुजता कामा नये, कोटिंग करणारा पोरगा सगळीकडे सरसकट फवारते, त्याला आधीच भोकांवर टेप लावायला लावा. सायलेन्सर, ब्रेक, रबराचे बुश, यांच्यावर नको.

आणि जळालेलं ऑइल चेसिसला मारायची जी पद्धत आहे ट्रॅक्टर-ट्रॉलीपासून चालत आलेली, ती नव्या कारला करू नका. त्या ऑइलात जळालेल्या इंधनाचं ॲसिड असते, ते रबराचे बुश फुगवते, धूळ धरते, सायलेन्सरवर उडालं तर पेट घ्यायची भीती, आणि खाली गळून आपल्याच अंगणातली माती खराब. डिझेल वॉशचंही तसंच, रबर खाते.

गाडी कुठं उभी करता याला हिवाळ्यात फार महत्त्व. दव किती पडते ते हरभरा असणाऱ्याला सांगायला नको, रात्री झाडांवर फडकं टाकून पहाटे पिळलं की आंब निघते, तेवढीच ओल त्या रात्री गाडीच्या टपावरही असते. उघड्या आभाळाखाली पत्रा स्वतःची उष्णता वर फेकून हवेपेक्षाही थंड होते म्हणून दव त्याच्यावर आधी बसते. वर नुसतं टिनाचं छत असलं, भिंती नसल्या, तरी ते अडते. कोठ्यात ढोरांजवळ मात्र लावू नका, मुताचा अमोनिया वायरिंगच्या तांब्याच्या टोकांना खाते आणि तिथली ओल कधी तुटत नाही. ताडपत्री किंवा प्लास्टिकचं कव्हर ओल्या गाडीवर टाकणं सगळ्यात वाईट, दिवसा आतलं पाणी वाफ होते, रात्री पुन्हा पत्र्यावर बसते, रोज. हवा जाणारं कापडी कव्हर घ्या आणि गाडी कोरडी असेल तेव्हाच टाका. सकाळी दवावर धूळ बसलेली असते तेव्हा कोरड्या फडक्याने पुसू नका, ते बारीक चरे पडतात, आधी बादलीभर गोड पाणी ओता. चंद्रपूर, घुग्घुस, वणीकडे कोळशाची धूळ आणि राख, तिकडच्यांनी तर हे रोज पाळलेलं बरं. पक्ष्यांची विष्ठा दिसली की लगेच ओल्या फडक्याने काढा.

हिवाळ्याची बाकीची कामं थोडक्यात सांगतो. घर ते फाटा एवढीच गाडी चालत असेल तर सायलेन्सर आतून सडते, कारण एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफ होऊन निघते आणि सायलेन्सर नीट तापलाच नाही तर ते तिथंच साचते. आठवड्यातून एकदा तरी वीसपंचवीस किलोमीटर सलग चालवा. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-निळा थर आला असेल तर आधी निगेटिव्ह काढून कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, वाळवा, व्हॅसलिन लावा, थंडीत बॅटरीची ताकद तशीच कमी झालेली असते. टायरची हवा तापमान ५-६ अंश उतरलं की साधारण १ पीएसआय कमी होते, म्हणून ऑक्टोबरात भरलेली हवा डिसेंबरात सकाळी गाडी थंड असताना पुन्हा तपासा. इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचं लोक म्हणतात की आपल्याकडे पाणी कुठं गोठते, खरं आहे, नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता तेव्हाही गोठलं नाही, पण कूलंटमध्ये गंजरोधक असते आणि ते इंजिन-रेडिएटरला आतून वाचवते. त्यात बोअरचं पाणी टाकाल तर क्षार अन गंज दोन्ही आत. कमी पडलं तर त्याच प्रकारचं कूलंट, नाहीतर डिस्टिल्ड पाणी. पावसात किंवा धुतल्यावर ओल्या गाडीचा हँडब्रेक ओढून चारआठ दिवस उभी ठेवू नका, ड्रम धरून बसते, सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा.

वॉरंटीचं पुस्तक उघडून गंजाचं पान वाचा. काही कंपन्या पत्रा आरपार सडला तरच धरतात, वरवरचा गंज धरत नाहीत, आणि बाहेर ड्रिल मारलेली जागा तर बहुधा कोणीच मान्य करत नाही. शिवणीतून आतून आलेला फोड वॉरंटीच्या आत दिसला तर आधी गावच्या गॅरेजात हात लावू नका, घासला की पुरावा गेला. फोटो काढा, तारीख दिसेल असा, सर्व्हिसला गेल्यावर तो फोड जॉब कार्डवर, म्हणजे गाडीच्या तक्रारी अन कामं लिहितात त्या कागदावर, लिहूनच घ्या आणि त्याची कॉपी घरी आणा. तोंडी सांगितलेलं पुढच्या सर्व्हिसपर्यंत कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि कार्डवर नोंद असली तर वॉरंटी संपल्यावरही तेवढ्या जागेसाठी बोलायला आधार राहते.